सोपी जाळी

छतातल्या एसीची सोळा स्क्रूंची देखणी जाळी ऑफिसातल्या इंजिनिअर साहेबांनीच डिझाइन केलेली. शिडीवर चढून ती साफ करता करता बारा वर्षांत सफाईवाल्या मावशींची मान कायमची आखडली. आता साहेबांनी नवी, सोपी जाळी बनवली. पण मावशी ‘सोपी’ म्हणतील तेव्हाच ती पास, असं मालकांनी ठरवलं.

मावशी वर चढल्या, जाळी चाचपली आणि उतरल्या. “नाही बाई जमत. तुम्हीच उघडून दाखवा ना, साहेब.”

साहेब चढले, उतरले, जाळीत सुधारणा करून दुसऱ्या दिवशी पुन्हा चढले. असं रोज.

“अजून थोडी सोपी करा हो,” मावशी मायेनं म्हणाल्या. साहेब मान चोळत होते.

जाळी पहिल्याच दिवशी मावशींच्या एका बोटानं उघडली होती. पण जुन्या जाळीचे स्क्रू सोळा होते, आणि साहेबांची आज कुठे अकरावी फेरी झाली होती.