शेषगिरीरावांची मेल

तेराव्याची पानं मांडून झाली होती आणि जेवायला भाऊबंदांपैकी एकही माणूस नव्हतं. शेषगिरीराव दाराकडे तोंड करून बसले होते. शेजारची धनलक्ष्मी भाताचं भांडं घेऊन ताटकळत होती. शेवटी तिने त्यांच्या कानाशी येऊन विचारलंच, आता तरी मी कुणाला फोन करू का?

"नको," ते म्हणाले. "मी कळवलों आहे. ज्याला यायचें तो येईल."

कळवण्याचं काम कुळात त्यांचंच. कान गेल्यापासून फोनचा त्यांना उपयोग नव्हता. तंजावूर सोडून चेन्नई, बंगळूर, अमेरिकेत पांगलेल्या भाऊबंदांना कोण गेलं, कोण जन्मलं ते शेषगिरीरावांच्या मेलने कळे. त्यांची मेल म्हणजे सुतक नाहीतर सोयर. ती न उघडण्याची कुणाची छाती नव्हती. काहीजण तर पंचा खांद्यावर टाकूनच ती उघडत.

या शिस्तीनेच आषाढात घात केला. एका पुतण्याच्या नावाने मेल आली, सोबत फाईल. मुंजीची पत्रिका असेल म्हणून शेषगिरीरावांनी ती उघडली. आत पत्रिका नव्हती, किडा होता. त्याने त्यांच्या मशीनमधले सगळे पत्ते हुडकले आणि त्यांच्याच नावाने तो घरोघर निघाला. शेषगिरीरावांची मेल म्हटल्यावर सगळ्यांनी उघडली. किड्याला इतकं आज्ञाधारक कूळ दुसरं कुठं मिळणार? न्यू जर्सीच्या भरद्वाजाने आधी डोक्यावरून पाणी घेतलं, मग फाईल उघडली, आणि त्याच्या ऑफिसातली मशीनं आडवी झाली.

चेन्नईहून गणेशकुमार धावून आला. हा धाकट्या भावाचा मुलगा, कॉम्प्युटरच्याच नोकरीतला. त्याने इंटरनेटची वायर काढली, दुपारभर मशीन तपासून किड्याची फाईल पुसली, पासवर्ड बदलला. कामाक्षी, शेषगिरीरावांची बायको, त्याला काप्पीवर काप्पी देत होती. जाताना त्याने स्वतःच्या लॅपटॉपवरून काकांकडून सगळ्यांना लिहवून घेतलं: माझ्या पत्त्यावरून काहीही आलं तरी उघडू नका, तसंच पुसून टाका. पुढे वायर परत जोडून शेषगिरीरावांनी आपल्या पत्त्यावरून कळवलं की मशीन साफ झालं, आता उघडायला हरकत नाही.

आणि मग कामाक्षी गेली. त्यांनी मेल लिहिली, वर विषय म्हणून फक्त तिचं नाव घातलं. कुणाचं उत्तर नाही, कुणाचं येणं नाही. या बाईने कुळातल्या किती जणींची बाळंतपणं काढली, किती पोरांना घरी ठेवून शिकवलं! शेषगिरीराव आतून जळत होते. यापुढे यांच्यातलं कुणी मेलं तरी मी कळवणार नाही, असं ते धनलक्ष्मीला दोनदा बोलून गेले होते.

दारात गाडी थांबली. गणेशकुमार. शेषगिरीरावांचा सगळा राग क्षणात विरघळला. एक तरी आला. ते भिंतीला धरून उठले.

गणेशकुमारने चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दिशेने हाक दिली, "काकू, काप्पी!"

धनलक्ष्मीने भांडं खाली ठेवलं.

"ओरत्तनाडूला शेतावर चाललों होतों," तो काकांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगू लागला, "म्हटलों तुमचें मशीन पाहून जावें. किडा अजून गेला नाहीं, काका. आधी मशीन साफ झालें म्हणून मेल आली. आतां तर शहाणा झाला आहे तो, काकूचें नाव घालून आला." मग काका घाबरले असं वाटून त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "भिऊं नका. तुमचा शब्द कोण मोडणार? एकानेंही उघडली नाहीं."