शिरवळला गेलेलं इंजिन

दहावीचं वर्ष म्हणून आईनं मला छंदासाठी आठवड्यातून एकच तास दिला होता, रविवारी, तोही भांडी घासून झाल्यावर. तेवढ्याच वेळात, जुन्या प्रिंटरची मोटर आणि घासून घासून बसवलेली पितळी चाकं जोडून, मी रुळावर खरोखर धावणारं छोटं रेल्वे इंजिन बनवलं. ते पहिल्यांदा धावलं, नेमकी त्याच दिवशी शिरवळची मावशी आली आणि तिच्या विशूनं इंजिन पोटाशी धरून भोकाड पसरलं.

“देऊन टाक गं, लहान हाय तो,” आई म्हणाली. “पाव्हण्याचं लेकरू रडत पाठवत्यात व्हय?”

“आई, वर्ष गेलंय माझं त्यात.”

“मग दुसरं कर की. तुला येतंय न्हवं?” असं म्हणत मावशीनं हसत हसत इंजिन पिशवीत टाकलंसुद्धा.

दिवाळीत आम्ही शिरवळला गेलो. माझं इंजिन अंगणात पडलं होतं. चाकं उपटलेली, आणि मोटर विशूनं पाण्याच्या बादलीत बुडवलेली. रागानं माझी कानशिलं तापली, पण आईनं डोळे वटारले. तेवढ्यात विशूच्या बाबांनी कालच आणलेली कोरी करकरीत बुलेट दाखवायला सगळ्यांना दारात बोलावलं.



मी बुलेटवर चढून बसले, हँडल घट्ट धरलं आणि विशूपेक्षा मोठ्यानं भोकाड पसरलं. आज पाव्हणी मी होते.