आपल्या लाइनीतले

“नाव, वय, गाव आणि पॉलीत किती वर्षं,” भूमिकेने फोनवरचा मेसेज वाचून दाखवला. “नव्या मेंबरने एवढं बोलायचं. आज नाही बोललीस तर ग्रुपातून काढतील म्हणे.”

निर्मलाकाकूने पदर सारखा केला. एक्कावन्न वर्षांची बाई, केळीची रोपं विकता विकता बहादरपुरातल्या भल्याभल्यांना गप्प करणारी. पण आता तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

“हसले तर गं?”

“पॉलिहाऊसवाले कशाला हसतील? तेही तुझ्यासारखेच शेतकरी.”

काकूने खिडकीबाहेर पाहिलं. “अठरा वर्षांत आपल्या लाइनीतलं एक माणूस भेटलं नाही मला. इथं कुणाशी बोलणार? एकदा बोलून तर बघते. हसले, तर पुन्हा नाव नाही घेणार.”

‘पॉली परिवार’ हा ग्रुप काकूनेच शोधून काढला होता. भूमिका तिची पुतणी, सात वर्षांनी इंदूरहून आठ दिवसांसाठी आलेली. तिच्याकडे काम एवढंच, की लॅपटॉप लावून द्यायचा.

बाहेर अंगणात लोखंडी पाइपांच्या मांडवावर तीन टॉवेल वाळत होते. त्याखाली अनंतकाका आणि पार्टनर मोटारीच्या फ्यूजवरून वाद घालत होते. पार्टनर म्हणजे समाधान. काकाबरोबर नर्सरी काढायला आला, मागच्या खोलीत उतरला, तो उतरलाच. लग्न केलं नाही. गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. पोस्टमनसुद्धा पार्टनर म्हणतो. लहानपणी भूमिका या दोघांच्या मागे लागून शेतातल्या प्लास्टिक ताणलेल्या पॉलिहाऊसमध्ये शिरायची आणि घामाघूम होऊन बाहेर यायची.

स्क्रीनवर आठ चेहरे उघडले. नाशिकची तेजस्विनी सगळ्यांना बोलतं करत होती. “घाबरू नका निर्मलाताई. इथले निम्मे पन्नाशीतच आलेत.”

भूमिका कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, केळ्याचे वेफर घेऊन पलंगावर बसली.

“मी निर्मला. वय एक्कावन्न. बहादरपूर, बुऱ्हाणपूरजवळ. अठरा वर्षं.”

“अठरा!” एका टकलू गृहस्थांनी चष्मा वर केला. “आणि कितीजण आहात?”

“तिघं. मी, आमचे हे, आणि पार्टनर.”

“तिघांच्या मर्जीनं?” तेजस्विनीने विचारलं.

“नाहीतर काय! एकाचंही मन नसेल तर हे काम एक दिवस नाही चालत.”

भूमिकेचा वेफर तोंडाशीच थांबला. तिने मान लांब करून ग्रुपच्या नावाखालची बारीक ओळ वाचली. ‘एकाहून अधिक माणसांवर, सगळ्यांच्या संमतीने, प्रेम करणाऱ्यांसाठी.’

“काकू!” ती दबक्या आवाजात ओरडली. “बंद कर, बंद कर! ये वो नहीं है!”

“थांब गं. कधी नव्हे ते कुणी विचारून राहिलं,” काकू म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

एका रुपेरी केसांच्या बाईंनी विचारलं, “मत्सर नाही झाला कधी?”

“पहिली दोन वर्षं रोज. हा म्हणे मीच जास्त जीव लावतो, तो म्हणे मी. मग मी नियम केला. ज्याला जे खुपतं ते त्याने जेवायच्या आधी बोलायचं. भुकेल्या माणसाचं भांडण लांबत नाही.”

टकलू गृहस्थांनी ते लिहून घेतलं. भूमिकेने उशीत तोंड खुपसलं.

“आणि बाहेरचा त्रास?” तेजस्विनी म्हणाली.

“आला ना. वारं आलं, वादळं आली.” काकूचा आवाज जरा हलला. “आत ऊब धरायची, पण एक फट उघडी ठेवायची. कोंडलं की सडतं. बाकी काय सांगू? अठरा वर्षं जसंच्या तसं उभं आहे. एकदाही पडलं नाही.”

कुणी हसलं नाही. रुपेरी केसांच्या बाई डोळे पुसत होत्या.

लॅपटॉप मिटल्यावर भूमिका उठून बसली. “काकू, अगं, त्यांचं पॉली म्हणजे पॉलिहाऊस नाही! ते... एका बाईचे दोन-दोन... लव्हवालं असतं ते!”

“अगंबाई!” काकूने गालावर हात ठेवला. “आणि मी काय काय बोलून बसले!”

“ती बाई तर रडून राहिली होती!”

“पण हसलं नाही ना कुणी?”

“नाही.”

“मग राहू दे माझं नाव ग्रुपात. लगेच निघाले तर बिचाऱ्यांना वाईट वाटेल.” काकू चहा टाकायला उठली. एक बिनसाखरेचा, एक आलं ठेचून, एक आपला. कुणाला काय, हे तिने विचारलं नाही. आतून तिचं गुणगुणणं ऐकू आलं. सात वर्षांपूर्वीही भूमिकेने तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

हसू आवरत भूमिका अंगणात आली. बिचाऱ्या काकूला आता खऱ्याखुऱ्या शेतकऱ्यांच्या ग्रुपात घालायचं तिने ठरवलं होतं.

“समाधानकाका, चला ना शेतात. आपल्या पॉलिहाऊसचा एक मस्त फोटो पाहिजे.”

पार्टनरने ओला टॉवेल बाजूला सारून मांडवाच्या पाइपावर थाप मारली. “घे, याचाच काढ. लॉकडाऊनच्या साली अखाजीच्या सणाला वादळ आलं, त्यात पडलं ते पॉलिहाऊस, एवढेच पाइप उरले. का गं, काकूनं नाही सांगितलं तुला?”