रुंद चाकं

पप्पूनं जुनी स्पोर्ट्स गाडी घेतली, स्प्रिंगा कापून खाली केली आणि शिवऱ्याच्या गॅरेजात तिला रुंद चाकं लावली. गावातली पोरं फोटो काढायला यायची. फक्त आई शेजारी बसली, की प्रत्येक स्पीडब्रेकरवर डावं टायर मडगार्डला खर्रकन घासायचं.

"माजंच वजन लई झालंय बग. थांब, उतरते मी," म्हणत आई हसायची आणि पदर खोचून स्पीडब्रेकर चालत ओलांडायची.

गणपतीनंतर आवाज कमी होत गेला. दिवाळीत आईला भोरच्या बाजारात नेलं, तेव्हा टायर एकदाही घासलं नाही. "बसली एकदाची चाकं!" म्हणत पप्पूनं गॅरेजात पेढे वाटले. घरी आईनं पेढा नुसता जिभेला लावला आणि उरलेला त्याच्याच हातावर ठेवला.

संक्रांतीला तिला चक्कर आली. दवाखान्यात ती वजनकाट्यावर उभी राहिली आणि डॉक्टरांनी पप्पूकडं रोखून बघितलं.

"अहो, आई निम्मी उरलीय. वजन उतरतंय हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"



"आलं हुतं, डॉक्टर," पप्पू म्हणाला. "मी पेढे वाटले."