खंडेनवमीचा गोळा

खंडेनवमीला देवीपुढं विळी, कात्री, पाना असं सगळं मांडून झालं, तर मिहिरनं चिकलठाण्याच्या कारखान्यातून आणलेला पोकळ तोफगोळा त्याच रांगेत ठेवला. यंदा पावसानं दडी मारलेली, झेंडू मोजकाच. मी प्रत्येकाला एक पाकळी वाहत होते. विळीला म्हटलं, घर जेवू घाल. कात्रीला म्हटलं, सगळ्यांचं अंग झाक. गोळ्यापाशी हात थांबला.

“हा काय करतो रे?”

“नळीतून सुटतानाच याला सांगतात, किती लांब जाऊन फुटायचं. भिंतीवर आदळत नाही आई, भिंत ओलांडून पलीकडं हवेतच फुटतो. आड लपलेला माणूससुद्धा सुटत नाही.”

मी कुंकू लावलं. “बाबा रे, तू फुटू नकोस.”

“आई! अगं काय बोलतेस?” मिहिरनं कपाळावर हात मारला. “परवा माळावर याच्या भावंडांची चाचणी आहे. मागच्या वेळी एकही फुटला नाही. परवा फुटले तर असे हजारो करायला मिळतील, नाही तर आमचा विभागच बंद. आणि तुझं बोललेलं नेमकं खरं होतं!”

नवरात्राचा उपवास, त्यात हा वैताग. देवीसमोर बोललेलं मागं कसं घ्यायचं? आणि पोराची नोकरी?

मी गोळ्याला आणखी एक पाकळी वाहिली.

“बरं बाबा, परवा तुझ्या भावंडांना तेवढं फुटू दे,” मी हात जोडले. “त्यानंतर मात्र तुमच्या कुळात कुणीच फुटू नका.”