पिवळे दिवे

“लांबून बघा. हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

दातांच्या डॉक्टरने पुढे केलेला हात मागे घेतला. काचेच्या कपाटात तिच्या नवऱ्याच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. चोवीस तासांच्या शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांची रेझिनची मॉडेल्स, वीतभर लांबीची, चिखलाचे शिंतोडेसुद्धा हुबेहूब. नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. अंत्यविधीला न फिरकलेला हा जुना मित्र आज मात्र आला होता, आणि येताना आतून फोम लावलेला रिकामा डबा घेऊनच आला होता.

“एकच हवी आहे, वहिनी. ती निळी. त्या शर्यतीतल्या बाकी सगळ्या माझ्याकडे आहेत. हिचीच जागा रिकामी आहे.”

“मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला लाज नाही वाटत, भाऊजी?”

डॉक्टरला लाज वाटली नाही. तो निळ्या गाडीकडे बघत होता आणि बघता बघता त्याचं तोंड कडू झालं. गाडीचे पुढचे दिवे पिवळे होते. कंपनीकडून पांढरे आलेले दिवे या शहाण्याने बारीक ब्रशने पिवळे करून ठेवले होते. खरी शर्यत दोघांनी एकाच वळणावर, एकाच कठड्याला टेकून पाहिली होती. एक म्हणाला निळ्या गाडीचे दिवे पिवळे, दुसरा म्हणाला पांढरे. तेवढ्यावरून दोघं एकमेकांना पाण्यात पाहू लागले ते अखेरपर्यंत.

“दिव्यांची वाट लावलीय त्याने,” डॉक्टर म्हणाला. “असू दे. रंग काढता येतो.”

तिने कपाटाचं कुलूप उघडलं आणि निळी गाडी बाहेर काढली.

“न्या. पण आधी एकदा तोंडाने म्हणा, दिवे पिवळे होते. तुमचा मित्र बरोबर होता.”

“हे काय भलतंच? पांढरे होते, वहिनी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.”

“मग या तुम्ही.”

डॉक्टरने रिकामा डबा उचलला आणि तरातरा दारापर्यंत गेला. आपण वाकलो नाही याचा त्याला अभिमान वाटला. पण मागे वळून पाहिल्याशिवाय राहवलं नाही. ती गाडी कपाटात परत ठेवत होती, तीही घाईघाईने आणि वाकडी. गाडीच्या शेपटीची कागदासारखी पातळ पट्टी काचेवर घासत होती, मोडायच्या बेतात होती.

“पिवळे होते!” तो ओरडला.

तिने वळून पाहिलं. “पुढे?”

“तो बरोबर होता. मी चुकलो. झालं समाधान?”

समाधान तिला झालं नव्हतं. उलट या माणसाची किळस आली. तिने निळी गाडी त्याच्या डब्यात ठेवली. झाकण बसलं तसा डॉक्टरचा जीव भांड्यात पडला.

“दिवे पांढरेच होते,” ती म्हणाली. “यांनीच सांगितलं मला, हॉस्पिटलमध्ये. म्हणाले, पुढच्याच फेरीला दिसलं होतं, पण तोवर बोलून बसलो होतो. मग माघार कोण घेणार?”

डॉक्टरने डबा छातीशी धरला.

“म्हणाले, तो निळी मागायला येईल. त्याला पिवळे म्हणायला लाव. म्हणाला तर निळी देऊन वाटेला लाव. नाही म्हणाला तर सगळं कपाट त्याला दे. असा माणूस मला दुसरा भेटला नाही, म्हणाले.”

डॉक्टरची नजर कपाटावरून फिरली. वरपासून खालपर्यंत गाड्याच गाड्या.

“मघाशी तुम्ही दाराशी पोचलात ना, तेव्हा गाडी कशीबशी ठेवून मी कुलपातली किल्लीच काढून तुम्हाला देणार होते,” ती म्हणाली, आणि निळीच्या रिकाम्या जागेवर तिने शेजारची गाडी सरकवली.