संस्थेवाली

भावनाताईंनी धुरपता आणि चंद्रभागाबाई दोघींचे हात धरले आणि एकमेकींच्या हातात दिले. धुरपताने आपला हात सोडवून घेतला आणि पदराखाली ठेवला.

दिघोरीच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत चौघी बसल्या होत्या. आदल्या दिवशी धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना धुरपता बांधावरच्या घागरीतून आपल्या हाताने पाणी घेऊन प्याली होती. शेत चंद्रभागाबाईंचं. त्यांनी सगळ्या बायांसमोर तिच्या थोबाडीत मारली आणि जातीवरून बोलल्या. धुरपताला पोलिसात जायचं होतं. ते कळलं तशा भावनाताई सकाळीच नागपूरहून निघून आल्या होत्या. महिलांची संस्था त्यांनीच उभी केलेली.

चंद्रभागाबाई संस्थेच्या गावातल्या मंडळाच्या अध्यक्ष. दारूची भट्टी फोडली त्या दिवशी त्या आणि धुरपता शेजारी उभ्या होत्या. दोघींनी दारूवाल्यांच्या काठ्या खाल्ल्या होत्या. ताई त्याचीच आठवण पुन्हा पुन्हा देत होत्या. केस झाली की मंडळ फुटेल, भट्ट्या परत लागतील, आणि घरी मार खाणाऱ्या बायांनी मग कुणाकडे यायचं, असं त्यांनी विचारलं.

त्या खोटं बोलत नव्हत्या. दीपमालाला ते माहीत होतं. ती संस्थेची गावातली कार्यकर्ती. ही वाक्यं तिनेच दारोदार पोचवली होती. ती धुरपताच्याच बौद्ध वस्तीतली. पण जातीची गोष्ट संस्थेच्या बैठकीत कधी निघाली नव्हती. तिनेही काढली नव्हती.

"मारलं ते चुकलं माह्यं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "हात जोडतो. पण घागरीले हात कायले लावला तिनं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं होतं. ताईंनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. धुरपताने उरलेलं.

"झालं तर मग," ताई म्हणाल्या. "धुरपता, त्याही बाईच आहेत, तूही बाईच आहेस."

"दारूवाल्यानं मारलं तवा मी बाई होती, ताई," धुरपता म्हणाली. "काल मले बाई म्हणून नाई मारलं."

ताईंनी चष्मा काढून डोळे चोळले. या विषयावर पुढच्या शिबिरात नक्की एक सत्र ठेवू, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी दीपमालाकडे पाहिलं. तू समजाव हिला, तुझं ऐकेल.

समजावायचे शब्द दीपमालाजवळ तयार होते. इतक्या वर्षांत ते कधी कमी पडले नव्हते. आज मात्र तोंड उघडायचंही तिच्या जिवावर आलं. ती उठली आणि धुरपताची चप्पल दाराशी सरळ करून ठेवली.

"मी आता हिच्यासंगं ठाण्यात जाऊन राहिली, ताई."

ताई तिच्यामागे ओसरीपर्यंत आल्या. जायचं तर जा, पण संस्थेचं नाव तिथे घेऊ नकोस, आणि तुझ्या कामाचंही मग बघावं लागेल, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. सांगताना त्यांचा हात दीपमालाच्या पाठीवर होता.

दोघी भरलेल्या काळीपिवळी जीपमध्ये कडेला बसून ठाण्यात गेल्या. तिथल्या बाई शिपायाने सगळं विचारून लिहून घेतलं. कोणी मारलं, कुठे, काय बोलल्या. मग ती दीपमालाकडे वळली.

"तुमी कोन?"

सवयीने संस्थेचं नाव दीपमालाच्या ओठांशी आलं.

"शेजारीण," ती म्हणाली.

साहेब येईपर्यंत बसायला सांगितलं. भिंतीलगतच्या बाकावर दोघी टेकल्या. बाहेर रस्त्याने रोपांच्या पेंड्या भरलेला ट्रॅक्टर गेला. धुरपता तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

"आता मले रोवण्याले कोनी बोलावनार नाई," ती म्हणाली.

"मलेबी बैठकीले नाई बोलावनार."

धुरपताने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिला हसू आलं. पण गाल कानापर्यंत सुजला होता, म्हणून ते एकाच बाजूला उमटलं.